नानांच्या खोलीतली हवा

बंद खोलीत, दिव्यांखाली भाजी लावणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. नोव्हेंबर २०२४ पासून एप्रिल २०२५ पर्यंत मी रोपांना कार्बन डायऑक्साइड देण्याचे जेवढे मार्ग ऐकले, त्यातले बरेचसे करून पाहिले. काही निरुपयोगी निघाले, एक कायद्यात बसत नव्हता आणि एक नानांच्या जिवावर बेतू शकला असता. तेव्हा कुणीतरी हाताला धरून सांगायला हवं होतं असं सारखं वाटायचं. म्हणून तारखा, खर्च, चुका, सगळं जसं घडलं तसं मांडते.

आम्ही नाशिकला पाथर्डी फाट्याजवळ राहतो. नाना म्हणजे माझे सासरे. चाळीस वर्षं त्यांनी दिंडोरी तालुक्यात द्राक्षबाग सांभाळली. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर २०२४ च्या पावसाळ्यात ते आमच्याकडे राहायला आले आणि फ्लॅटमध्ये त्यांचा जीव रमेना. दिवसभर खिडकीत बसून समोरच्या इमारतीचं बांधकाम बघायचे. त्यांच्या खोलीला लागून सहा बाय आठची कोठीची खोली आहे, जुन्या गाद्या आणि दिवाळीचे डबे ठेवायची. ती रिकामी केली, स्लॉटेड अँगलचा तीन कप्प्यांचा रॅक बसवला आणि प्रत्येक कप्प्यावर चार-चार एलईडी ट्यूब लावल्या. २ नोव्हेंबर २०२४ ला, दिवाळीच्या पाडव्याला, नानांच्या हातानं लेट्यूसचं बी कोकोपीटच्या ट्रेमध्ये टाकलं. २८ नोव्हेंबरला चाळीस रोपं रॅकवर गेली.

डिसेंबर लागताच मावा आला, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड. खिडकीतूनच येत असणार, शिवाय समोरच्या बांधकामाची धूळ होतीच. मी खिडकीला जाड प्लास्टिक चिकटपट्टीनं बंद करून टाकलं. नाना तेव्हाच म्हणाले, "अगं, वारा नको कोंडू. बागेत वारा खेळला पाहिजे." मला वाटलं, ते द्राक्षावरच्या डाऊनी या बुरशीच्या रोगाबद्दल बोलताहेत, दमट हवेबद्दल. मी आत एक छोटा पंखा लावला आणि म्हटलं, झालं की, आता खेळतोय वारा.

दहा-बारा दिवसांत वाढ थबकली. रोपं मेली नाहीत, पिवळीही पडली नाहीत. नुसती थांबली. खत बदलून पाहिलं, पाण्याचा सामू, म्हणजे पीएच, तपासला, दिवे चार इंच खाली घेतले. मग वाचताना लक्षात आलं की बंद खोलीत रोपं हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन संपवू शकतात. हे मला खरंच माहीत नव्हतं. शाळेत आपण प्रकाशसंश्लेषण शिकतो, पण झाडाचं वाळलेलं वजन मातीतून येत नाही, ते मुख्यतः हवेतून येतं, हे काही मनावर ठसत नाही. बाहेरच्या हवेत २०२४ साली हा वायू दहा लाख भागांत साधारण ४२० ते ४२५ भाग, म्हणजे तेवढे पीपीएम होता. हवाईच्या मौना लोआ वेधशाळेत १९५८ साली मोजायला सुरुवात झाली तेव्हा तो ३१५ च्या आसपास होता. लेट्यूस, पालक, टोमॅटो, स्ट्रॉबेरी यांसारख्या पिकांना प्रकाश पुरेसा असेल तर हजारेक पीपीएमपर्यंत वाढवत नेलेला फायद्याचा ठरतो. मका आणि ऊस यांच्या पानांतली व्यवस्था वेगळी असते, त्यांना फारसा फरक पडत नाही.

१२ डिसेंबरला मी ऑनलाइन १,१५० रुपयांचं एक मीटर मागवलं. चार दिवसांत आलं. कोठीत ठेवलं तर आकडा ४००. सकाळी ४००, दुपारी ४०२, रात्री ४००. म्हणजे हवा बाहेरच्यासारखीच आहे, उपासमार वगैरे काही नाही. मला हायसं वाटलं, पण रोपं तशीच. मग म्हटलं, ४०० असेल तर ८०० करू, तेवढाच जोर मिळेल.

सगळ्यात जास्त सांगितला जाणारा घरगुती मार्ग म्हणजे साखर आणि यीस्ट. माशांच्या टाकीत पाणवनस्पती ठेवणारे लोक वर्षानुवर्षं हेच करतात. बाटलीत साखरेचं पाणी, चिमूटभर यीस्ट, झाकणातून नळी. आंबताना साखरेचा साधारण निम्मा भाग वजनानं कार्बन डायऑक्साइड होतो आणि उरलेल्याचा मद्यार्क. १७ डिसेंबरला मी दोन लिटरच्या बाटलीत दोनशे ग्रॅम गूळ विरघळवला, पाणी कोमट असताना यीस्ट घातलं आणि बाटली वरच्या कप्प्यावर ठेवली. तासाभरात बुडबुडे सुरू झाले. संध्याकाळी मीटरवर १,९००, दुसऱ्या दिवशी २,६००. मी नानांना हात धरून आकडा दाखवायला नेलं, इतका आनंद झाला होता.

हा आनंद नऊ दिवस टिकला. २६ डिसेंबरच्या रात्री थंडी फार होती, नानांचा गुडघा ठणकत होता. कोठीतलं मीटर मी बॅटरी चार्ज करायला त्यांच्या खोलीत आणून ठेवलं होतं. त्यांनी गुडघ्याला बाम चोळायला घेतला आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडा ६०० वरून ३,००० च्या वर गेला. बाममध्ये कसला आला कार्बन डायऑक्साइड? दुसऱ्या दिवशी फोडणीच्या वेळी मीटर स्वयंपाकघरात नेलं, तर तिथेही तेच.

मग खोलात शिरले. बाजारातली बरीच स्वस्त मीटरं कार्बन डायऑक्साइड मोजतच नाहीत. ती हवेतल्या वाफाळणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा, म्हणजे मद्यार्क, तेलाच्या वाफा, अत्तर यांचा अंदाज घेतात आणि त्यावरून एक आकडा बनवून दाखवतात. माझ्या मीटरमध्ये असाच सेन्सर होता आणि त्याचा सगळ्यात खालचा आकडाच ४००. म्हणजे खोलीत १०० असता तरी त्यानं ४००च दाखवलं असतं. गुळाच्या बाटलीतून येणाऱ्या मद्यार्काच्या वाफेला मी नऊ दिवस रोपांचं अन्न समजत होते. विकत घेताना वर्णनात ‘एनडीआयआर’ हे शब्द शोधा. त्यात अवरक्त प्रकाशाचा दिवा असतो आणि कार्बन डायऑक्साइड ४.२६ मायक्रोमीटरचा प्रकाश किती शोषतो यावरून तो थेट मोजला जातो. असं मीटर मला ३,६०० रुपयांना पडलं. दर बघून दोन दिवस मन मागेपुढे झालं, पण आता पुन्हा कुणी मला हे काम करायला सांगितलं तर पहिला खर्च मी यावरच करीन. २८ डिसेंबरला मागवलं, ५ जानेवारीला आलं.

त्याच आठवड्यात नणंदेचे यजमान घरी आले होते. ते वकील आहेत. बाटली बघून त्यांनी आधी वास घेतला, मग मला बाजूला बोलावून म्हणाले, "वहिनी, पेपरात हातभट्टीवर छापा पडल्यावर जे ‘रसायन’ नष्ट केल्याचं येतं ना, ते हेच. गूळ, पाणी आणि आंबवण." महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे आणि परवान्याशिवाय मद्य बनवणं त्यात गुन्हा ठरतं. हेतू रोपांचा होता हे खरं, पण बाटलीत तयार झालं होतं ते मद्यार्काचं पाणीच. एवढ्याशा बाटलीसाठी कुणी दारात येईल असं त्यांनाही वाटत नव्हतं, तरी म्हणाले, घरात नको. मी त्याच संध्याकाळी भरपूर पाणी ओतून ती रिकामी केली. पुढे हिशेब केला तेव्हा कळलं, त्या बाटलीतून दोन आठवड्यांत मिळून शंभरेक ग्रॅम वायू निघाला असता, म्हणजे ताशी पाव ते अर्धा ग्रॅम. बंद माशांच्या टाकीत ते पुष्कळ असतं. खोलीत त्याचा पंचवीस-तीस पीपीएमपेक्षा जास्त फरक पडला नसता.

५ जानेवारीला नवं मीटर आल्यावर पहिलं काम गच्चीवर जाण्याचं. बाहेरच्या मोकळ्या हवेत वीस मिनिटं ठेवून त्याला सांगावं लागतं की ही मोकळी हवा. आपण स्वतः वाऱ्याच्या खालच्या बाजूला, दोन हात लांब उभं राहायचं, नाहीतर आपल्या श्वासानंच आकडा बिघडतो. आपण सोडतो त्या हवेत या वायूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आसपास असतं, म्हणजे चाळीस हजार पीपीएम. आणखी दोन बारीक गोष्टी. मीटरमध्ये समुद्रसपाटीपासूनची उंची भरायची सोय असेल तर भरा. नाशिक साधारण ६०० मीटरवर आहे, इथे हवा विरळ म्हणून न भरल्यास आकडा थोडा कमी येतो. दुसरं, काही मीटरं आठवड्यातला सगळ्यात कमी आकडा म्हणजे मोकळी हवा असं स्वतःहून धरून चालतात. कोंदट खोलीत ठेवणार असाल तर ती सोय बंद करा.

६ तारखेला सकाळी सहाला दिवे लागले तेव्हा कोठीत ४५५ होते. रात्रभर रोपंही श्वास घेतात, म्हणून थोडे जास्त. आठ वाजता ३१०. दहाला दार अलगद उघडून, श्वास रोखून डोकावले. २५१. मी तिथेच पाटावर बसले. चाळीस रोपं सव्वा महिना दिव्याखाली उभी होती, पाणी होतं, खत होतं, आणि रोज सकाळी चार तासांत त्यांचं ताट रिकामं होत होतं. नानांना जाऊन सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, "खिडकी उघड आधी." उघडल्यावर पंचवीस मिनिटांत ४१०.

पण जानेवारीतली नाशिकची थंडी. पहाटे आठ-नऊ अंशांचा वारा आणि धूळ थेट रोपांवर. खिडकी सताड उघडी ठेवणं शक्य नव्हतं. म्हणून पुढचे काही दिवस मी दुसरे मार्ग शोधत राहिले.

खायचा सोडा आणि लिंबूसत्व. हा मार्ग सुरक्षित आणि समजायला सोपा. वीस ग्रॅम सोडा आणि सोळा ग्रॅम लिंबूसत्व खोल पातेल्यात, वरून थेंब-थेंब पाणी. माझ्या खोलीत पाव तासात आकडा ८४० वर गेला. मनापासून बरं वाटलं, कारण हे मीटर खोटं बोलत नव्हतं. तासाभरात मात्र तो पुन्हा ५०० वर. दिवे सोळा तास चालतात, म्हणजे दर तासाला पातेलं भरायला हवं, रोज तीनशे ग्रॅमच्या वर सोडा. तीन दिवस केलं आणि थांबले. उरलेलं पाणी रोपांना घालू नका, त्यात सोडियम असतं. कपडे भिजत घालायच्या बादलीइतक्या छोट्या पेटीत रोपं वाढवत असाल, तर मात्र हा मार्ग चालून जाईल.

सोडावॉटरची फवारणी, ड्राय आइस हे मी फक्त कागदावर पाहिलं. ड्राय आइस उणे ७८.५ अंशांचा, हाताला लागला तर भाजल्यासारखं होतं, झाकण घट्ट लावलं तर डबा फुटू शकतो, आणि रोज आणणार कुठून? शेजारच्या ताईंनी मेणबत्त्या सुचवल्या, आमच्या कामवाल्या मावशींनी कोळशाची शेगडी, थंडीलाही बरी म्हणून. इथे मला अगदी स्पष्ट सांगायचं आहे. बंद खोलीत काहीही जाळू नका. अपुऱ्या ज्वलनातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला वास नाही आणि तो झोपेतच माणसाला घेऊन जातो. रोपांचंही भलं होत नाही, कारण धुरात इथिलीन असतं आणि त्यानं पानं वेडीवाकडी होतात, फुलं गळतात. परदेशातल्या मोठ्या हरितगृहांत गॅस जाळून हा वायू देतात, पण तिथली यंत्रं त्यासाठीच बनवलेली असतात. नेदरलँड्समध्ये तर २००५ पासून रॉटरडॅमच्या तेलशुद्धीकरण कारखान्यातून निघणारा कार्बन डायऑक्साइड पाइपलाइननं हरितगृहांपर्यंत नेला जातो. ती गोष्ट वेगळी आणि आपली कोठी वेगळी.

मग सिलिंडर. ९ जानेवारीला अंबड एमआयडीसीतल्या एका गॅस विक्रेत्याकडे गेले. सोडा फॅक्टऱ्यांना, वेल्डिंगवाल्यांना पुरवठा करणारे. पहिल्या दिवशी साहेब नव्हते. काउंटरवरच्या मुलानं विचारलं, कंपनीचं नाव काय, जीएसटी नंबर काय? घरगुती म्हटल्यावर तो गोंधळला. १३ तारखेला पुन्हा गेले. आधारची प्रत, पत्त्याचा पुरावा, कशासाठी हवं याचं सहीचं पत्र, आणि सोसायटीचं ना हरकत पत्र आणलं तर बरं, असं सांगितलं. पाच किलोच्या सिलिंडरची अनामत साडेसहा हजार, रेग्युलेटर वेगळा अठ्ठावीसशे, भरण्याचे पैसे वेगळे. तिथल्या एका वयस्कर माणसानं मला सिलिंडरच्या गळ्यावर ठोकलेली तारीख दाखवली. दर पाच वर्षांनी दाबाची चाचणी व्हावी लागते, ती तारीख जुनी असेल तर सिलिंडर घ्यायचा नाही. उभा ठेवायचा, साखळीनं भिंतीला बांधायचा, उन्हात नाही. त्यांनी हे न विचारता सांगितलं, त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

सोसायटीच्या सेक्रेटरींकडे अर्ज दिला. ते म्हणाले, मासिक सभेत ठेवतो. सभा पंधरा दिवसांनी. त्या पंधरा दिवसांत माझा भाचा भेटायला आला. तो एका वायनरीत तळघरात काम करतो. द्राक्षांचा हंगाम नुकताच सुरू होत होता. मी उत्साहानं त्याला सगळं सांगितलं, आणि तो गप्प झाला. मग म्हणाला, "मावशी, आमच्याकडे टाकी रिकामी झाली तरी हवा मारून, मीटर लावून बघितल्याशिवाय कुणाला आत उतरू देत नाहीत. आंबताना निघालेला गॅस हवेपेक्षा दीडपट जड, तळाशी साचतो. वास नाही. माणूस खाली वाकतो आणि उठत नाही."

त्या रात्री वही काढून हिशेब केला. पाच किलो वायू म्हणजे जवळजवळ तीन हजार लिटर. आमच्या कोठीत हवा बारा हजार लिटर. व्हॉल्व्ह गळला, रात्री सगळं सिलिंडर रिकामं झालं, तर खोलीतल्या हवेचा सुमारे पाचवा हिस्सा तोच. आठ तास काम करणाऱ्यांसाठी ठरवलेली मर्यादा ५,००० पीपीएम आहे, म्हणजे अर्धा टक्का. आणि मधल्या भिंतीपलीकडे नाना झोपलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी सेक्रेटरींना फोन करून अर्ज मागे घेतला.

१२ जानेवारीला पहिलं पीक कापलं. एका लेट्यूसचं वजन सरासरी ८४ ग्रॅम. अपेक्षा दीडशेची होती. १४ तारखेला संक्रांतीच्या दिवशी दुसरी चाळीस रोपं रॅकवर चढली. या वेळी नानांनी खिडकीचा प्रश्न सोडवला. त्यांच्या ओळखीच्या पॉलिहाऊसवाल्याकडून ४० मेशची, म्हणजे इंचाला चाळीस भोकांची, कीडरोधक जाळी मागवली, उरलेला तुकडा होता, दोनशे वीस रुपयांत आला. १९ तारखेला खिडकीला बसवली. दिवे चालू असताना काच उघडी, दिवे बंद झाले की बंद. मावा पुन्हा दिसला नाही आणि आकडा ४०० च्या खाली गेला नाही.

मधल्या काळात, १६ जानेवारीपासून, धिंगरी आळिंबीचा, म्हणजे ऑयस्टर मशरूमचा, प्रयोग चालू होता. ही मला मनापासून आवडलेली कल्पना. बुरशी आपल्यासारखीच श्वास घेते, भुसा खाते आणि कार्बन डायऑक्साइड सोडते. मखमलाबादकडे एक ताई घरी आळिंबी पिकवतात, त्यांच्याकडून पाच तयार पिशव्या चारशे रुपयांना आणल्या. भुश्यात पांढरे तंतू पसरत होते. रोपं लहान होती, जाळी अजून यायची होती, तेव्हा बंद खोलीत आकडा ४१० वरून ५२० पर्यंत गेला. ना नळी, ना रेग्युलेटर. पण आळिंबी उगवायला लागली तेव्हा तिचे देठ बोटभर लांब आणि टोप्या शर्टाच्या बटणाएवढ्या. त्या ताईंना फोटो पाठवला. म्हणाल्या, "तिला मोकळी हवा पाहिजे, तुम्ही कोंडलीत." बरोबर उलटी गरज. रोपाला जो वायू हवा, त्यानंच आळिंबी लांबट होते. दुसरी अडचण जास्त गंभीर. टोप्या उमलल्या की त्या बारीक बीजाणू सोडतात, आणि ते रोज छातीत गेले तर खोकला, दमा असे त्रास होतात. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात नाना सकाळी खोकायला लागले. कारण आळिंबीच असेल असं नाही, पण ८ तारखेला मी पाचही पिशव्या त्या ताईंना परत देऊन आले. कोवळ्या टोप्यांचं कालवण मात्र नानांनी दोनदा मागून खाल्लं.

कंपोस्टची बादलीही याच तत्त्वावर सुचवतात. चार दिवस ठेवली, चिलटं झाली, बाहेर काढली.

नानांच्या खोकल्यामुळे ९ फेब्रुवारीच्या रात्री मी मीटर त्यांच्या उशाशी ठेवलं. खोलीत काही कोंदतंय का, एवढंच बघायचं होतं. पहाटे पाचला आकडा १,४२०. थंडीमुळे ते दार-खिडकी गच्च लावून झोपतात. एक माणूस दिवसाला ढोबळमानानं किलोभर कार्बन डायऑक्साइड श्वासातून सोडतो, झोपेत ताशी वीसेक ग्रॅम. भिंतीच्या या बाजूला १,४२०. त्या बाजूला माझी रोपं, ज्यांच्यासाठी मी अंबडला दोन खेपा घातल्या होत्या.

मग हिशेब उलट्या बाजूनं केला, जो मी पहिल्या दिवशीच करायला हवा होता. दीडशे ग्रॅमच्या लेट्यूसमध्ये पंच्याण्णव टक्के पाणी. उरलेल्या सात-आठ ग्रॅममध्ये तीनेक ग्रॅम कार्बन. तेवढा कार्बन यायला अकरा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड लागतो. मुळं आणि रोपाचा स्वतःचा श्वास धरून वीस ग्रॅम म्हणू. चाळीस रोपांना पाच आठवड्यांत मिळून आठशे ग्रॅम. नाना एका दिवसात त्याहून जास्त सोडतात.

दोन खोल्यांच्या मधल्या भिंतीत वर एक जुना झरोका आहे, पुठ्ठा लावून बंद केलेला. पुठ्ठा काढून तिथे कॉम्प्युटरमधला १२० मिलिमीटरचा पंखा बसवला, बारा व्होल्टचा अडॅप्टर, वेग कमी करायचं बटण आणि सुताराची मजुरी, सगळं मिळून ९५० रुपये. पंखा नानांच्या खोलीतली हवा कोठीत ढकलतो, कोठीतली हवा जाळीच्या खिडकीच्या फटीतून बाहेर जाते, आणि नानांच्या खोलीत दाराखालून ताजी हवा येते. वेग अगदी मंद हवा. जोरात चालवला की दोन्हीकडे ४३०. नाना विचारत होते, "रात्रभर घुमणार का हे?" त्या वेगाला आवाज येत नाही, फक्त झरोक्याजवळ हात नेला तर कळतं. आणि दिव्यांची वेळ फिरवली. दिवसाऐवजी रात्री आठ ते सकाळी दहा, कारण नाना खोलीत असतात ते रात्री आणि रोपं हा वायू घेतात ते फक्त उजेडात. मार्चमध्ये याचा दुसरा फायदा झाला. दुपारी पारा पस्तिशीच्या वर, तेव्हा दिवे बंद आणि त्यांची उष्णताही नाही. दिवे चौदा तासांवर आणले तरी वीज महिन्याला नव्वद युनिटांच्या आसपास जाते, तो खर्च आहेच.

दुसरं पीक, जाळीच्या खिडकीचं, २० फेब्रुवारीला निघालं. सरासरी १२६ ग्रॅम. तिसरं, नानांच्या खोलीतल्या हवेचं, २२ फेब्रुवारीला लावलेलं, २९ मार्चला गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी काढलं. सरासरी १४९. ८४ वरून १२६ ही उडी नुसत्या उघड्या खिडकीची आहे, हे नीट बघा. तुमच्या खोलीत हवा येत-जात असेल तर पुढच्या खटाटोपाआधी तीच एक गोष्ट करा. आणि बैठकीच्या खोलीत मनीप्लँट, स्नेक प्लँट असतील तर काहीच करू नका, घरात माणसं आहेत तेवढं त्यांना पुष्कळ आहे.

नानांच्या खोलीतला पहाटेचा आकडा आता ८५० च्या आसपास असतो, कोठीत ७८०. सकाळी दार उघडल्यावर जो कोंदट वास यायचा तो येत नाही. उठल्यावर चहाच्या आधी ते कोठीत जाऊन मीटर बघतात आणि वहीत लिहितात. त्यांच्या द्राक्षबागेच्या फवारणीच्या वहीसारखीच रेघा मारलेली वही आहे ती.

रामनवमीपासून वणीला चैत्रोत्सव असतो. नाना तेव्हा आठ दिवस गावी गेले होते. पहिल्या रात्री तीन वाजता मला जाग आली. कोठीत दिवे लागलेले होते, पंखा फिरत होता, आणि मीटरवर ४२८. रोज वही नाना लिहितात म्हणून मीही लिहून ठेवलं. आठ रात्री तोच आकडा, कधी ४२५, कधी ४३१. नवव्या दिवशी संध्याकाळी ते आले, प्रवासानं दमून लवकर झोपले. सकाळी वही उघडली तर त्यांनी माझ्या ओळींखाली स्वतः लिहिलं होतं, १५ एप्रिल, पहाटे पाच, ७९०.